अंजूच्या पोटातली राखण

खरं तर मी बोलायचं नाही असा नियम आहे. आम्ही आतल्या आत ओरडायचं, बाहेर एक शब्द काढायचा नाही. पण आता माझ्यानं गप्प बसवत नाही, म्हणून सांगते. मी अंजूच्या आतड्यात राहते. मला रिसेप्टर म्हणतात. आतड्याच्या पेशीवर बसलेली, डोळ्यांना न दिसणारी राखणदारीण, एवढं समजलात तरी पुरे.

अंजू डोळखांबजवळच्या एका पाड्यावर राहते, नववीत आहे. तिच्या घरची माणसं भाताच्या खाचराजवळ बांधलेल्या उंच माळ्यावर बसतात आणि रानडुक्कर दिसलं की डबा वाजवतात. माझं कामही तेच. आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते. त्यातल्या काहींना शेपटी असते, ती हलवत ते पोहतात. मला फक्त ती शेपटी ओळखता येते. शेपटीवाला भला की वाईट, ते कळत नाही. म्हणूनच मला अन्नाकडे पाठ करून, भिंतीच्या आतल्या अंगाला बसवलं आहे. पलीकडे वस्ती नांदते तोवर मी गप्प. कोणी भिंत ओलांडून इकडे आला, तरच डबा वाजवायचा. मग पांढऱ्या पेशी धावून येतात, त्याला संपवतात आणि भिंत पुन्हा सांधली जाते.

माझा जन्म भिंतीतल्या एका खळग्यात झाला. आमची पेशी तिथून हळूहळू वर सरकते आणि चार-पाच दिवसांत गळून पडते. तिच्या जागी दुसरी येते. तेव्हा ही तक्रार माझ्या एकटीची नाही, माझ्याआधी इथे बसून गेलेल्या सगळ्यांची आहे.

गेल्या आवणीच्या वेळी, भाताची रोपं लावताना, अंजू बांधाजवळच्या ओढ्याचं पाणी प्यायली. घरात सगळ्यांचीच पोटं बिघडली आणि सगळ्यांची बरी झाली. अंजूचं थांबेना. का थांबेना, ते मलाही माहीत नाही. भिंतीला भगदाडं पडली ती बुजलीच नाहीत. नेहमीचे, शेजारचे जंतूही त्यातून आत येऊ लागले. मी शेपटी पाहिली की ओरडायची. पांढऱ्या पेशी धावायच्या. डुकरामागे काठ्या घेऊन माणसं धावतात तेव्हा उभं भात त्यांच्याच पायांखाली आडवं होतं ना, तसं भिंतीचं झालं. आणखी भगदाडं, आणखी जंतू, पुन्हा माझा डबा. मला थांबता येत नाही. थांबायचं कसं, हे मला कोणी शिकवलेलंच नाही.

मग रक्त पडू लागलं.

शाळेतल्या संडासाची कडी लागत नाही. अंजू तासातासाला जायची, तेव्हा मुली हसायच्या. घरी आईनं एकदा तिच्या परकरावर डाग पाहिला.

"पाळी आली काय गो परत? आत्ता तर उठलीस!"

अंजूनं ‘हो’ म्हणून मान हलवली. बस, एवढंच. त्यांच्याकडे पाळी आली की मुलगी बाजूला बसते. मागच्या पडवीत गोधडी, वेगळं ताट, भांड्याला शिवायचं नाही. परसातला संडास तिथून जवळ. कितीदा गेली, कोणी मोजत नाही. अंजूला तेच बरं वाटलं. पुढे रक्त दिसलं की ती आपणहून पडवीत जाऊन बसायची. इकडे मी ऊर फुटेस्तोवर ओरडत होते आणि घरातलं प्रत्येक माणूस भलतीकडेच बघत होतं!

भात झोडायचे दिवस आले तेव्हा बाईजाआत्या म्हणाली, "तुझी अडचण बरी कामाच्या टायमाला येते गो! उद्या नवऱ्याकडं पण अशीच बसशील काय?"

"आत्या, मला चक्कर येते गो."

"चक्कर मला पण येते. मी बसते काय?"

एकदा प्रार्थनेच्या वेळी अंजू खाली पडली. आई तिला शहापूरच्या दवाखान्यात घेऊन आली. मला वाटलं, सुटले एकदाची.

"मॅडम, हिला म्हैन्यात दोनदा येतं," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी अंजूला विचारलं, "पोट कसं आहे बाळा? शौचाला नीट होतं?"

अंजू चपलेकडे बघत राहिली. मागे रांग खोकत होती.

"नीट होतं," आईनंच सांगितलं.

लोहाच्या गोळ्या मिळाल्या. त्यांनी शौचाला सगळंच काळं दिसायला लागलं, मग अंजूनं बघणंही सोडलं. मी तिला एक कळ दिली. तिनं पोटावर उशी दाबली. दुसरी दिली. तिनं उशी अजून घट्ट दाबली. आता सांगा, मी आणखी काय करायचं?

आज आम्ही पुन्हा त्याच दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर बसलो आहोत. अंजूच्या हाताची हाडं दिसतात. आईनं मघाशी पिशवीतून पॅडचं पाकीट काढलं.

"अंजू, हे मी दिवाळीच्या आधी आणलेलं. अजून भरलेलं कसं गो? मग येतं ते कुठनं येतं?"

अंजूनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

"ते पाळीचं नाय, आई. संडासातून येतं. आवणीपासनं."

आईनं पाकीट पिशवीत कोंबलं.

"आणि मी तुला भांड्याला शिवू दिलं नाय गो. इतके दिवस."

"मला लाज वाटायची."

"आत गेल्यावर मी बोलणार नाय. तूच सांगायचं. जसं मला सांगितलंस तसं."

अंजू उठली की मलाही जावं लागेल, म्हणून घाईनं सांगते. आत गेल्यावर सगळे मलाच गुन्हेगार ठरवतील, हीच आतड्याला आग लावते म्हणतील. म्हणू देत. औषध देऊन माझा आवाज खाली आणा, मी स्वतःच दमले आहे. पण मला कायमची मुकी करू नका, कारण पुढल्या आवणीला ही पोर पुन्हा त्याच ओढ्यावर गेली, तर तिच्या आतड्यात डबा वाजवायला माझ्याशिवाय…

"अंजू कोण आहे? चल गं, आत ये!"