वीणेकऱ्याचा खांब

अब्बासने ओंडक्यावर ताणलेली टेप सोडून दिली. ती खळकन आत गेली.

"येसाजीदादा, हा घानाचा साग, तो इक्वेडोरचा. परवा हेच दोन होते, काल हेच होते. आज तरी बोट ठेवा एकावर!"

कापडे गावच्या देवळातल्या मंडपाच्या मधल्या खांबाला वाळवी लागली होती, आणि मंगळवारी सप्ताह बसायचा होता. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकवायची नाही. पाळीचा वीणेकरी त्याच खांबाला पाठ लावून उभा राहतो. येसाजी चाळीस वर्षं उभा राहत आला होता. कमिटीने परदेशी सागाचा नवा खांब ठरवला आणि निवड त्याच्यावर सोपवली. तीन दिवस तो अब्बासच्या महाडच्या वखारीत येऊन बसत होता.

"विनीत, बघ रे आणखी एकदा. कोणता देश जास्ती ओंडके पाठवतो?"

मुंबईहून सप्ताहासाठी आलेल्या नातवाने फोनवर पुन्हा बोट फिरवलं.

"आबा, एका वर्षी घाना पुढे, दुसऱ्या वर्षी इक्वेडोर. हा तक्ता टनात, तो घनमीटरमध्ये. ह्यात चिरलेलं लाकूडपण धरलंय. जुळतच नाही."

"मग नीट जुळव. घाई नाय."

"घाई नाही?" अब्बासने टोपी काढून डोकं खाजवलं. "आज शुक्रवार. माझी नमाजेची वेळ होत आली. कापायचं कधी, तासायचं कधी?"

"शेठ, देवाचं काम हाय. पारखून नको घ्यायला?"

"पारखा ना! ओंडका पारखा. तुम्ही तर देश पारखताय!"

विनीत हसला. येसाजी ओंडक्यांकडे न बघता टेम्पोकडे बघत होता. माप कागदावर लिहिलेलं असतानाही त्याने जुना खांब त्यात घालून आणला होता.

"उतरवा तो," अब्बास म्हणाला. "मापून टाकतो एकदाचा. मग मी सांगेन ते घ्यायचं."

खांबाचं खालचं टोक इतकं भुसभुशीत होतं की टेपच्या टोकाचा आकडाही त्यावर अडकेना. अब्बासने वैतागून खांब करवतीवर घेतला आणि कुजका वीतभर तुकडा उडवला. पाती आत शिरत गेली तसा तिचा आवाज बदलला. तपकिरी भुसा थांबला आणि हळदीसारखा पिवळा पडू लागला.

यंत्र बंद करून अब्बासने ताज्या कापावर नख रोवून पाहिलं. रुतलं नाही.

"फणस," तो म्हणाला. "दादा, हा आतून ठणठणीत आहे."

"हाय ना?"

तीन दिवसांत येसाजीने पहिल्यांदाच कशाची तरी घाई केली होती.

अब्बास क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग बाजूच्या सागाच्या ओंडक्यावर त्याने पुन्हा ताडपत्री ओढली.

"खाली वीतभर दगडाचा तळखडा बसवा. उंची होती तेवढीच राहील."

येसाजीने विनीतच्या मदतीने खांब वीतभर उंचीच्या ठोकळ्यावर, वखारीच्या भिंतीला उभा केला. "वाकडा तर नाय ना झाला?" असं काहीसं पुटपुटत त्याने पाठ टेकली. खांद्याच्या उंचीवर, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठींनी घासून झालेल्या गुळगुळीत खोलग्यात ती बरोबर बसली. त्याने डोळे मिटले. डावा हात वर उचलला गेला आणि नसलेल्या वीणेभोवती बोटं वळली.

"मग काका, घाना की इक्वेडोर?" विनीतने विचारलं.

अब्बासने एव्हाना दुसऱ्या गिऱ्हाइकाची फळी करवतीवर चढवली होती. येसाजीचे मिटलेले डोळे पाहून बटणाकडे गेलेला हात त्याने हळूच मागे घेतला.