सोमवारचा नकार

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे आणि मला स्वतःचीच किळस येते. शिक्क्यांच्या गोष्टी अशा सुरू होत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या पोटावर जे शब्द कोरले आहेत त्यांनी मी काय काय केले, ते ऐकल्यावर तुम्हालाही शिसारी येईल.

अमेरिकेच्या दक्षिणेत टॅलो क्रीक नावाचे गाव आहे. तिथल्या हॅस्किन म्हाताऱ्याने मला घडवले. अक्रोडाची मूठ, खाली रबर, मध्ये तारखेच्या फिरत्या पट्ट्या. जुन्या वर्तमानपत्रावर मला दाबून बघत तो म्हणाला, "वा! स्वच्छ उमटतोस, लेका." माझे शब्द होते, 'मतदार नोंदणी नको'. वाईट शब्द नव्हते ते. तेव्हा नवा कायदा आला होता. गाडीचा परवाना काढायला किंवा धान्याची मदत मागायला जो कोणी सरकारी खिडकीवर येईल, त्याला तिथेच विचारायचे, मतदार यादीत नाव घालायचे आहे का? हो म्हणाला तर अर्ज भरून घ्यायचा. नको म्हणाला तर मी.

माझी नेमणूक धान्य-मदतीच्या खिडकीवर झाली. तिथे ग्लॅडिनबाई बसायच्या. त्या प्रत्येकाला तो प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायच्या. कोणी म्हणे, "नाव आहे हो माझं, वीस वर्षं झाली." मग त्या मला हळूच टेकवायच्या. आठवड्यात पाच-सहा वेळा माझे काम पडे, आणि तेवढ्यात मी सुखी होतो. संध्याकाळी त्या माझे रबर ओल्या फडक्याने पुसत. पुढे त्या निवृत्त झाल्या.

त्यांच्या जागी लुरीन आली. ती दुष्ट होती असे मी म्हणणार नाही. ती आळशी होती, आणि आळसाने जेवढी घाण होते तेवढी दुष्टपणाने होत नाही. रांग लांब, प्रश्न लांब. तिने तोड काढली. दर सोमवारी सकाळी, बोटाला डोनटची साखर लागलेली असतानाच, ती आठवड्याभराचे कोरे कागद पुढे ओढायची आणि मला धडाधड आपटायची. नको, नको, नको. माणसे अजून घरातून निघालीही नव्हती, आणि त्यांचा नकार गठ्ठ्यात तयार! आमच्या कचेरीचे साहेब प्रुइट एकदा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले काय, तर "लुरीन, तुझी रांग कशी भराभर सरकते बघ!"

समोरच्या खिडकीवर गाडीचे परवाने मिळत. तिथे प्रश्न परवान्याच्या अर्जातच छापलेला होता, म्हणून तो सगळ्यांना विचारला जाई. ज्यांच्याकडे गाडी होती त्यांना 'हो' म्हणायची संधी, आणि ज्यांच्याकडे बसभाड्याची चणचण त्यांना मी. थू!

एका सप्टेंबरात ओझेला टिब्स आल्या. वय सदुसष्ट. नदीकाठचे घर पुरात गेल्यावर त्या बहिणीकडे, व्हर्डीकडे, आमच्या जिल्ह्यात राहायला आल्या होत्या. व्हर्डीची मूत्रपिंडे निकामी झाली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे तीनदा तिला जिल्ह्याच्या बसने रक्त शुद्ध करायला न्यावे लागे. ती बस चालू ठेवायची की नाही, यावर नोव्हेंबरात मत होते. व्हर्डीला दवाखान्यात सोडून ओझेला त्याच बसने आमच्याकडे आल्या होत्या.

"पोरी, मी इथे नवीन आहे," त्या म्हणाल्या. "माझं मताचं नाव इकडे आणायचंय. ते इथेच होतं ना?"

"सगळं यातच येतं, मिस ओझेला," लुरीन मान वर न करता म्हणाली. "जिथे बोट ठेवते तिथे सही करा."

अकरा पाने, पाच सह्या. शेवटच्या सहीखाली माझा ठसा होता आणि लुरीनचे बोट नेमके त्यावर होते.

नोव्हेंबरात मतदान केंद्रावर त्यांचे नाव सापडले नाही. त्यांना तात्पुरती मतपत्रिका दिली, नोंदणी सापडली तरच मोजायची अशी, आणि पाकिटात घालून घेतली. दोन आठवड्यांनी पत्र आले, 'नोंदणी नसल्याने मत मोजलेले नाही.' बसचा ठराव एकसष्ट मतांनी पडला होता. आमच्या कपाटात माझे ठसे नऊशेच्या वर होते.

पत्र घेऊन त्या थेट प्रुइट साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"तुम्हीच नको म्हणालात, मॅडम," साहेबांनी कागद काढून दाखवला. "ही सही तुमचीच ना?"

ओझेलांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचले. "सही माझी. तारीखही मी माझ्या हातानं घातलीय, सतरा, गुरुवार. आणि हा शिक्का चौदा तारखेचा. सोमवारचा. सोमवारी मी बहिणीच्या चादरी धूत होते, साहेब. इथे येऊन नको कोण म्हणालं? माझं भूत?"

रांगेत कोणीतरी हसले. लुरीन पुटपुटली, "वेळ वाचावा म्हणून करत होते, मिस ओझेला."

"कुणाचा?" ओझेलांनी विचारले.

चौकशी झाली. वरून माणसे आली, कपाट उघडले, लुरीनची बदली झाली. खिडकीवर नवी मुलगी आली. वसंतात ओझेला पुन्हा आल्या तेव्हा तिने प्रश्न शब्द न् शब्द वाचून दाखवला.

"हो," ओझेला म्हणाल्या. "आणि माझ्यासमोर लिही."

मुलीने लिहिले. मग सहज विचारले, "बहीण कशी आहे?"

"बस बंद झाली ना. शेजाऱ्याचा ट्रक आठवड्यातून दोनदाच मोकळा असतो. डॉक्टर म्हणतात तीनदा लागतं. पाय सुजलेत तिचे."

मुलीने अर्जाची पोच फाडून त्यांच्या हातात दिली.

मित्रांनो, कोणी कागदावर बोट ठेवून 'इथे सही' म्हटले, तर ते बोट उचलायला सांगा. आणि मोठेपणी तुम्ही खिडकीच्या आत बसलात, तर समोरच्याला विचारा. अर्धे मिनिट लागते.

मला वाटले होते, आता मला चुलीत टाकतील. प्रुइट साहेबांनी मला पुसले आणि आपल्या खणात ठेवले. "राहू दे," ते म्हणाले, "गर्दीच्या दिवशी लागेल."