पेन्सिलीचा बाण

ॲल्युमिनियममध्ये ग्राफीन मिसळायचं म्हणजे रुसलेल्या दोन जावांना एका स्वयंपाकघरात नांदवायचं. ग्राफीन हा कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. धातूत नीट पसरला, तर धातू हलका राहूनही मजबूत होतो. पण हे पापुद्रे एकमेकांनाच चिकटून बसतात, आणि भट्टी जरा जास्त तापली की धातूशी संगनमत करून त्यांचं ठिसूळ कार्बाइड होतं. मग मुसळ केरात.

प्रयोगशाळेत सगळे जिला ताई म्हणत, तिची कित्येक वर्षं या जावांची समजूत काढण्यात गेली होती. भुकटी दळायची, दाबायची, भट्टीत घालायची, मग तुकडा कापून त्यात तोंड दिसेपर्यंत घासायचा. तिची लेक तेवढा काळ दूरच्या गावी आजीकडे वाढत होती. पदवी मिळाली की लेकीला घेऊन यायचं असं ठरलेलं, आणि पदवी अडली होती एकाच प्रश्नावर: भट्टीतून निघालेल्या तुकड्यात ग्राफीन शाबूत आहे की नाही?

त्या सकाळी तुकडा तपासणाऱ्या लेझरच्या यंत्राने पडद्यावरच्या आलेखात शिखर काढलं. उंच, टोकदार, ग्राफीनचं दिसायला हवं तिथंच. ताईचा जीव भांड्यात पडला. तिचे मार्गदर्शक सर धावत आले. "अगं, हे तर पुस्तकात छापावं असं आहे!" म्हणाले, आणि त्यांनी तिथूनच विभागप्रमुखांना फोन लावला. ताईनेही गावी आईला लावला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

दुपारी यंत्र मोकळं होतं, म्हणून तिने नुसत्या ॲल्युमिनियमचा तुकडाही लेझरखाली ठेवला. त्यात ग्राफीन औषधालाही नव्हतं. रेघ सपाट यायला हवी होती. ती आली नाही. तेच शिखर, तितकंच देखणं.

तिने तुकडा उजेडात तिरका धरला. कडेला तिनेच काढलेला बारीक बाण होता, तसाच सकाळच्या तुकड्यावरही. पेनची शाई धुताना निघून जाते, म्हणून इथे सगळेच पेन्सिलीने खूण करत. इतर कुणी कार्बन शोधत नव्हतं, त्यामुळे त्यांचं त्यात काही बिघडत नसे. पण पेन्सिलीत असतं ग्राफाइट, म्हणजे ग्राफीनच्याच थप्प्या, आणि तुकडे पुसताना तिने बाणाची काजळी दोन्हींवर सारवून ठेवली होती.

आसपास कुणी नव्हतं. तुकडा डबीत घालावा आणि गप्प बसावं, असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. मग तिने दोन्ही तुकडे पुन्हा घासले आणि खूण न करता लेझरखाली धरले. दोन्हीकडचं शिखर गेलं. तिच्या तुकड्यात फक्त कार्बाइडचा लहानसा उंचवटा उरला.

तिने सरांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही तुकड्यांचे आलेख पडद्यावर शेजारी शेजारी लावले.

"बाण कुणी काढला?"

"मीच, सर."

"आणि गावभर डांगोरा पिटला मी." त्यांनी डोकं खाजवलं. "पुन्हा करू. भट्टी कमी तापवून बघू. पण वर्ष जाईल गं अजून."

संध्याकाळी गावचा फोन लेकीनेच उचलला.

"आई, मी बॅग भरलीसुद्धा! वर्गात सगळ्यांना सांगितलं, मी आईकडे चाललेय म्हणून!"

"बाळा, माझी चूक झाली. सापडलं असं वाटलं, ते सापडलंच नव्हतं. मला अजून वेळ लागेल."

मागे आजी विचारत होती, "काय म्हणतेय गं?"

"मग बॅग उघडू?" लेकीने विचारलं.

"उघड, बाळा."

"शाळेचे मोजे आतच आहेत," लेक म्हणाली. "पण ते सकाळी काढेन. आज राहू दे ना तशीच."