शुद्ध इंग्रजीची पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, दुकानावरची. इंग्लंडात लँकशायरातल्या क्रॅगशॉ या गिरणगावात आयडा आणि फ्लोरी या नणंद-भावजयांची बेकरी आहे, तिच्या दारावर मी असायचे. जन्मानं साधी देवदाराची फळी, पण ताठा सागवानाचा. आत घाम गाळायचा दुसऱ्यांनी आणि बाहेर मान वर करायची आम्ही, हा तर आम्हा पाट्यांचा धंदाच.

फ्लोरीनं तोंडानं सांगितलं आणि पेंटरनं जसंच्या तसं माझ्यावर उतरवलं: 'अस टू बेक इट फ्रेश.' सांगायचं होतं, आम्ही दोघी ताजं भाजतो. आता शिकलेला माणूस म्हणेल, करणारे असले की 'वी', आणि ज्यांच्या वाट्याला ते करणं येतं ते 'अस'. म्हणजे भर रस्त्यात मी 'आम्हाला दोघी ताजं भाजतो' असं ओरडत होते! पण क्रॅगशॉत सगळे असंच बोलतात. कुणाला काही खटकलं नाही.

उलट गर्दी असायची. गिरणीत जाता जाता बायका घरचं मटण-बटाट्याचं भांडं आमच्या भट्टीत ठेवायला यायच्या. केस कुरळे करायचे कर्लर डोक्यावर तसेच, पायात सपाता.

"फ्लोरे, माझं भांडं मागं सरकव गं. नवरा म्हणतो, हे मटण तोडायला सुतार बोलवू का!"

"आणलंस कुठून ते सांग आधी. सुताराकडूनच आणलं असशील!"

असा हशा पिकायचा की माझे स्क्रू हलायचे. भांड्याबरोबर पाव जायचे, पावाबरोबर केक जायचे. दुकान भट्टीवर चालत होतं खरं, पण भट्टीइतकंच फ्लोरीच्या जिभेवर.

आयडाची मुलगी बेरिल. हुशार पोर. मोठ्या शाळेत गेली तेव्हा तिच्या बोलण्यावर वर्ग हसला होता. त्या हसण्याचा तिनं असा धसका घेतला की शुद्ध बोलता बोलता शिक्षिकाच झाली. गावातल्याच मुलींच्या शाळेत तिला नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात ती माझ्यासमोर कपाळाला हात लावून उभी राहिली.

"आई, आमच्या मोठ्या बाई रोज इथून जातात. मी वर्गात जे खोडते, तेच माझ्या आईच्या दारावर!"

"अगं, पण पाव तर चांगला असतो ना?"

"पावाचं नाही गं म्हणत मी." मग तिनं जेवणाच्या टेबलावरच शिकवणी घेतली. "सोपं आहे. दोघं असले की एकाला वाक्यातून बाजूला काढायचं आणि उरलेलं म्हणून बघायचं. 'फ्लोरी अँड हिम' आले म्हणतेस ना? आता फ्लोरीआत्याला काढ. नुसतं 'हिम' आला म्हणशील?"

"आल्या आल्या मलाच काढायला निघाली," फ्लोरी म्हणाली. सगळ्या हसल्या. फ्लोरी जरा कमी हसली.

पेंटर आला. 'अस' खरवडून तिथं सोनेरी 'वी' बसवला. आणि काय सांगू, माझं डोकंच फिरलं! खालून जाणाऱ्या प्रत्येकाची वाक्यं मी तपासू लागले. कोळसेवाल्याचा घोडा माझ्याखाली खिंकाळला तर त्याचा कर्ता शोधू लागले. एक शब्द काय बदलला, मला वाटलं आपण राजवाड्यावर टांगलेलो आहोत.

गिऱ्हाइकांनाही तसंच वाटलं, हीच पंचाईत झाली. कर्लर लावून राजवाड्यात कोण जाईल? बायका हॅट घालून येऊ लागल्या. भांडी घरीच राहिली, कारण हॅट घालून हातात भांडं कसं धरणार? एकीनं तर 'हर'च बरोबर असताना मुद्दाम 'शी' म्हटलं, आपलं बोलणं भारदस्त दिसावं म्हणून. चूक ती चूकच, फक्त चांगले कपडे घालून आलेली. दोन पाव घ्यायच्या, हवापाण्याचं बोलायच्या आणि निघायच्या. काही तर समोरच्या फुटपाथनंच जाऊ लागल्या. मी आपली वर चकाकत होते. गर्दी ओसरली ती मालात खोट आली म्हणून, असं खुशाल धरून चालले होते.

फ्लोरी गप्प झाली. तोंड उघडण्याआधी बेरिलकडं बघायची आणि मिटून घ्यायची. एका दुपारी ॲप्रन घडी करता करता म्हणाली, "वहिनी, सोमवारपासून मी गिरणीच्या कँटीनला जाते. भांडी घासायला बाई हवीय त्यांना."

"डोकं फिरलंय का तुझं? हे दुकान तुझं नाही का?"

"माझंच आहे गं. पण भांड्यांशी बोलावं लागत नाही."

आयडा खुर्ची आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर आली. मला वाटलं, पुसायला येतेय. मी चेहरा आणखी चकचकीत केला! ती माझे स्क्रू काढू लागली.

शाळेतून येणारी बेरिल धावली. "आई, हे काय? भर रस्त्यात! लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की. इतके दिवस कुणी काही म्हणतच नाहीये पोरी, तेच तर दुखणं आहे."

बेरिलनं दुकानात पाहिलं. काउंटरमागं आत्या घडी केलेला ॲप्रन उगाच पुन्हा पुन्हा घडी करत होती. मग बेरिलनं पुस्तकांची पिशवी खाली ठेवली आणि माझं दुसरं टोक धरलं.

दारावर आता काहीच लिहिलेलं नाही. सोमवारी फ्लोरीनं दार उघडं टाकून गल्लीत हाक मारली, "अगं बायांनो, भट्टी रिकामी आहे! तुमची हॅट भाजायची आहे का?" दोन-तीन दिवस गेले, पण भांडी आली.

मी भट्टीघरात आहे. दोन पिंपांवर पालथी टाकलीय मला आणि माझ्या पाठीवर गरम भांडी निवत असतात. सोनेरी अक्षरं जमिनीकडं तोंड करून आहेत. उंदरांचं इंग्रजी तेवढं सुधारलं असेल. वर 'अस', 'हिम', 'हर' जागा चुकवून दिवसभर उधळत असतात. सुरुवातीला मी प्रत्येक चुकीला कण्हायचे. आता भांडं टेकलं की पाठ शेकते आणि फ्लोरी काय म्हणते ते ऐकायला मी कान लावते. तुम्हीही या कधी. दार उघडंच असतं. बोलायचं कसं, हे बाहेर ठरवत उभे राहू नका.