उसनी आणलेली जागती

रांग बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानातून निघायची ती वळसा घालून थेट दवाखान्याच्या फाटकाशी यायची. दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं उठून त्या रांगेत उभी राहायची. दुकानात जागतेबाबा बसत. हातभर दाढी, समोर काचेचं भांडं. वाळून तपकिरी झालेलं, मुठीसारखं मिटलेलं एक रोप ते आजाऱ्याच्या कपाळाला लावत आणि पाण्यात सोडत. सगळे श्वास रोखून बघत बसायचे. अर्ध्या तासात रोपाची मूठ सुटायची, आणि पानं भांडंभर पसरायची.

बाबा म्हणायचे, मेलेलं उठलं, आता तुझं शरीरही उठणार, गोळ्या कशाला, गोळीला काय कळतं? लोक रडत पाया पडायचे. एखाद्याचं रोप मिटलेलंच राहिलं तर बाबा त्याच्या घरच्यांना बाजूला घेऊन हळू सांगायचे, वरून बोलावणं आलंय. आणि तो माणूस खरंच महिन्याभरात जायचा. मग काय विचारता, रांग दुप्पट!

मी शाळेत अठ्ठावीस वर्षं शास्त्र शिकवते. असलं काही ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि माझं तोंड फटकळ. त्या तोंडानेच घात केला.

माझी अक्का कपडे शिवायची. तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, महिन्याभरात ऑपरेशन करा, बऱ्या व्हाल. चार दिवसांनी अक्का माझ्याकडे आली ती हसतच. बाबांकडे तिचं रोप उघडलं होतं, पानन् पान. मी चहा गाळत होते. मी मोठ्याने हसले आणि म्हणाले, "शिकलीसवरलेली असून इतकी खुळी कशी गं तू?" चहा तसाच ठेवून ती पिशवी उचलून गेली. पुढे फोनवर विचारलं की म्हणायची, झालं ऑपरेशन, आहे बरं, तू नको धावपळ करूस. माझ्या परीक्षा चालू होत्या. मी विश्वास ठेवला.

चार महिन्यांनी भावजी शाळेत आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. अक्का दवाखान्यात गेलीच नव्हती. आता तिचा हात सुजला होता आणि सुईसुद्धा धरवत नव्हती. "तुम्ही हसाल म्हणून सांगितलं नाही तिने," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात जाऊन मागच्या बाकावर बसले. बाबांकडे नाही, त्यांच्या हातांकडे बघत. माणूस तोंडाने वाटेल ते बोलेल, हातांची सवय लपत नाही. बाबांनी किटलीतलं ऊन पाणी गारात मिसळलं, करंगळी बुडवून बघितली, मग भांडं उपरण्याच्या टोकाने आतून गोल पुसलं. हे मीच शिकवलं होतं.

आमच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं एक शिपाई होता. पोरं त्याला बरणी म्हणायची, कारण सगळ्या बरण्या त्याच्या ताब्यात. तिथेच एका पत्र्याच्या डब्यात मी जागतीचं रोप ठेवलेलं होतं. दरवर्षी पाचवीच्या पहिल्या तासाला मी ते पाण्यात सोडायचे. गार पाण्यात ते अख्खी दुपार घेतं, म्हणून बरणीला सांगून ठेवलेलं, पाणी कोमट करा, तास पस्तीस मिनिटांचा आहे. रोप उघडायचं, पोरं टाळ्या पिटायची, घंटा व्हायची. का उघडलं ते पुढच्या तासाला, असं सांगून मी रुबाबात निघून जायचे. पुढच्या तासाला बरणी नसायचा. तो फक्त टाळ्यांपुरता तिथे असायचा.

आता दाढीआड तोच होता. त्याच वेळी एका म्हाताऱ्याला खाटेवरून आत आणलं. बरणीने त्याच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं, आणि या वेळी भांडं मडक्यातल्या गार पाण्याने भरलं. रोप मिटलेलंच राहिलं. वरून बोलावणं आलं.

ती जागती आमच्या आईने आम्हाला दाखवली होती. डोंगरावरच्या रानात, सावलीतल्या कातळांवर ती वाढायची. बोटभर वाढायला तिला वर्षं लागतात. आई बाळंतपणं करायची. अडलेल्या बाईच्या उशाशी ती जागती ठेवायची, तिला धीर यावा म्हणून. पण आणायची ती उसनी. कातळापुढे हात जोडायचे, एकच उचलायची, मुळाशी माती ठेवून. बाई मोकळी झाली, किंवा गेली, की तिसऱ्या दिवशी रोप त्याच कातळावर नेऊन लावायचं. ज्या घराने परत केलं नाही त्या घरी आई पुन्हा पाऊल टाकत नसे. मी हात जोडण्याला नाकं मुरडायचे. आता वाटतं, त्या हात जोडण्यामुळेच रान शिल्लक होतं. डब्यातलं रोप मीही तिथूनच आणलेलं. मी ते कधी परत नेलं नाही.

मी डोंगरावर गेले. कातळ खरवडलेले. बरणीची माणसं पोत्यांनी जागती नेत होती. खुरप्याने निघाली नाही तिथे पहार घातली होती. आईचा कातळ मला ओळखूसुद्धा आला नाही. तिथे खाली बसून मी रडले, अगदी लहान मुलीसारखी.

दुकानाच्या मागे वापरलेल्या रोपांचा ढीग कुजत पडला होता. त्यातली तीन मी घरी आणली, वीस मिनिटं उकळली आणि उन्हात कडकडीत वाळवली. रविवारी अक्काला आणि भावजींना घेऊन दुकानात गेले. माझ्या पिशवीत तीन ग्लास आणि कोमट पाण्याचा थर्मास होता.

मी लोकांना सांगितलं की ही याच बाबांच्या उकिरड्यावरची रोपं आहेत, मी ती उकळून मारली आहेत. ग्लासांत कोमट पाणी ओतून एकेक रोप सोडलं आणि ते पुढच्या तीन बायकांच्या हातात दिले. कुणाच्या कपाळाला काही लावलं नाही. बरणी मंत्र पुटपुटत राहिला, मग तेही थांबलं. वाळलेल्या पानाच्या आत पाणी शिरलं की ते फुगतं आणि सरळ होतं, वळलेला पुठ्ठा भिजला की उलगडतो तसं, त्याला जिवंत असावं लागत नाही, इतकंच मी बोलले. तिन्ही रोपं उघडली.

बाया ग्लास धरून नुसत्या उभ्या होत्या. बरणी माझ्याकडे बघत म्हणाला, "बाई, तुम्हीही हेच दाखवायचात की. मी वेगळं काय केलं?"

अक्काने माझा हात धरला. "मग माझंही असंच उघडलं का गं?"

"हो अक्का. ते पाण्याला उघडलं. तुझ्याशी त्याचा काही संबंध नव्हता."

तिने मान हलवली. रांगेतली माणसं हळूहळू पांगली, काही दवाखान्याकडे वळली. त्यांना वेळ होता. अक्काला तपासून डॉक्टरीणबाईंनी हात धुतले. मग म्हणाल्या, चार महिन्यांपूर्वी यायला हवं होतं.

शेवटच्या दिवसांत अक्काने एकच मागणं केलं. "तुझ्या डब्यातलं ते रोप परत ने. आईच्या कातळाचं उसनं आहे." मी नेलं. एका खरवडलेल्या कातळाच्या खाचेत माती भरून ते लावलं, आणि हातही जोडले, कुणापुढे ते मला माहीत नाही. घरी येऊन तिला सांगितलं. त्या आठवड्यातच ती गेली.

पावसात मी पुन्हा गेले. रोप छान उघडलेलं होतं. उघडलेलं आणि तपकिरी. मी पुढेही दोनदा गेले. एकही पान हिरवं झालं नाही. ते डब्यातच कधीतरी मेलं होतं, आणि मी किती वर्षं पाचवीच्या पोरांना मेलेलं रोप उघडून दाखवत, बघा कसं जिवंत झालं, म्हणत होते, कोण जाणे. टाळ्या मिळत होत्या, मग तपासतंय कोण?

म्हणून सांगते. रोप उघडलं एवढ्यावर भुलू नका. पंधरा दिवस थांबा आणि हिरवं होतंय का ते बघा. हेच बाबांना विचारा, डॉक्टरांना विचारा, मलाही विचारा. रानातलं आणलंत तर परत नेऊन लावा. आणि तुमच्या घरातलं कुणी अशा रांगेत जाऊन आलं, तर हसू नका. चहा पुढे ठेवा, शेजारी बसा, आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून दवाखान्यात न्या.

आता पाचवीच्या पहिल्या तासाला मी रोप दाखवत नाही. कातळाचा फोटो दाखवते, आणि घंटेच्या आधी सगळं सांगून टाकते.