सारजेची ओटी

ओटी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी सारजा बोटीनं द्वारकेच्या आवाजात चहा मागितला, आणि भालचंद्रानं तो नेऊन दिला. डोलकाठीच्या बुडाशी कप ठेवला. कप रिकामा झाला.

द्वारका तेव्हा मागच्या अंगाला शिडाला ठिगळ लावत बसली होती. ‘अहो, मी इथं आहे,’ असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, तर आतून ओल्या फळीसारखं नुसतं करकरलं.

‘दोर ताणलाय बघ कुठलातरी,’ नवरा म्हणाला, आणि दोर सैल करायला पुढं गेला.

दोघांना त्या बोटीवर राहून बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ झालं नाही. घर भावकीला सोडून त्यांनी ही जुनी शिडाची बोट घेतली. दिवाळी सरली की वाऱ्याच्या पाठीवर बसून कारवारकडे, होळीच्या आधी परत वाघोटणच्या खाडीत. जुन्या लाकडाचं दुखणं म्हाताऱ्या सासूसारखं, आज गुडघा तर उद्या कंबर. ओहोटीला बोट चिखलात कलंडली की तो तिच्या पोटाच्या शिंपल्या खरवडायचा, फटींत कापूस ठासून वर राळ भरायचा. ती शिडं शिवायची, आत झिरपलेलं पाणी उपसायची. ‘तू उपस, मी बुजवतो,’ तो म्हणायचा, ‘एवढाच आपला संसार.’ तिला तेवढा पुरत होता.

यंदा तळाच्या फळ्या नव्या घातल्या. नवी फळी बसली की बोटीला हळदकुंकू लावायचं, नारळ वाढवायचा, एवढीच रीत. पण बोट पाण्यात उतरू लागली आणि पोटची पोर सासरी निघाल्यागत द्वारकेचा ऊर भरून आला. तिनं पेटीतला ठेवणीतला खण काढला, तांदूळ, हळकुंड, नारळ घेतला, आणि सारजेची ओटी भरली. भरताना आपसूक ओठांवर आलं:

समुद्राच्या गं लेकीची
ओटी भरीते हौसेची
तुला देते बाई माझी
माया सगळी कुशीची

सारजेनं सगळी घेतली.

आता दोघींत मिळून आवाज एकच होता. सकाळी जी आधी बोलेल, तिचा तो दिवसभर. एका सकाळी द्वारकेला तो मिळाला, तशी ती धावत धक्क्यावर गेली. तिथं भालचंद्राची आत्या, भागीरथी, सुकट विकायला बसायची.

‘कुमारिकेची ओटी भरलीस?’ आत्यानं सुकट पाखडता पाखडता विचारलं. ‘अगो भवाने, ओटी सवाष्णीची भरतात.’

‘चुकलं, आत्याबाई. परत मागून घेऊ?’

‘दिलेली ओटी परत मागतात होय? तू तिला सवाष्ण केलीस. आता तिला नवरा लागणार.’

‘मग बघू की एखादं तारू, चांगल्या घरचं.’

‘तारू कशाला? घरातच आहे की एक. खातो-पितो, दात सगळे शाबूत.’ आत्या खदखदून हसली. मग पदरानं हसू पुसलं आणि खाली बघत म्हणाली, ‘तू आधी उठत जा, सूनबाई.’

द्वारका आधी उठू लागली. पण सारजा झोपतच नव्हती. लाकडाला कुठली झोप?

मग सारजा गळायची थांबली. तळाशी थेंब नाही, उपसायला काही नाही. त्याच दिवसांत द्वारकेच्या तळहाताची रेघ उकलली आणि तिच्यातून खारं पाणी झिरपू लागलं. भालचंद्रानं तो हात उन्हाकडे धरून पाहिला. माणूस हळवा होता. गळणारं काही दिसलं की त्याला घास गोड लागत नसे. त्यानं रेघेत कापूस ठासला, वर कढत राळ ओतली आणि फुंकर घातली.

‘दुखतंय?’

तिनं मान हलवली. दुखत नव्हतं, आणि त्याचंच तिला भय वाटलं.

झोपायची फळी रोज चार बोटं आखडत होती, तीही फक्त द्वारकेच्या बाजूनं. आधी ती कुशीवर झोपली, मग कडेवर, मग वर उघड्यावर. उघड्यावर अंग वाळून तडकायला लागलं, तेव्हा भालचंद्रानंच तिच्या कमरेला दोर बांधून तिला अलगद पाण्यात सोडली. दोराचं दुसरं टोक सारजेच्या कठड्याला बांधलं.

‘बघ, किती बरं वाटतंय,’ तो म्हणाला.

खरंच बरं वाटत होतं. पाण्यात तिची पाठ रुंदावली, बरगड्या वर वळल्या, हात अंगालगत सरळ होत गेले. बांगड्या एकेक करून निसटल्या आणि तळाला गेल्या. संध्याकाळी सारजेच्या पोटातून बांगड्यांची किणकिण आली, फोडणीचा वास आला, आणि भालचंद्राचं हसू ऐकू आलं. तसं तो द्वारकेशी हसला होता लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात. त्यानं माया पातळ केली नव्हती. जेवल्यावर वर येऊन तो द्वारकेच्या पाठीवरूनही हात फिरवायचा, कुठं शेवाळ धरलंय का बघायचा. त्याच्या लेखी एवढंच, की आता दोन बोटी झाल्या होत्या.

एका सकाळी मोठी ओहोटी लागली. सारजा चिखलात कलंडली, तिच्या आवाजात गाळ गेला, आणि द्वारकेला संधी मिळाली.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘माझं नाव घ्या. एकदाच.’

भालचंद्र बोटाच्या पेरानं तिच्या बरगड्या वाजवून बघत होता. तो थबकला. वाकून कान लावला.

‘नाव तर अजून ठेवलंच नाही तुझं,’ तो लाडानं म्हणाला. ‘आणि बोलतेस काय? लाकूड बोललं की ओळखावं, फट राहिलीय.’ त्यानं चाचपून फट शोधली. तिचे ओठ होते. ‘ही बघ. एवढीच राहिली. राळ संपलीय गो, आज बाजारातून आणतो. संध्याकाळी बुजवू.’

संध्याकाळी तोंड बुजलं, की कुणी तिचं नाव घेतलं तरी ओ द्यायला तिच्यापाशी काही उरणार नव्हतं.

भरती आली, सारजा सरळ झाली, गाळ धुऊन निघाला तसा आवाज पुन्हा तिच्याकडे गेला, आणि तो द्वारकेत उतरला. वल्ही घेऊन धक्क्यावर गेला.

‘नवं होडकं केलंस, भालू?’ आत्या म्हणाली. ‘चांगलं ऐसपैस आहे.’

‘घरचंच लाकूड.’

‘आणि सूनबाई?’

‘बोटीवर. भात टाकलाय तिनं.’

आत्यानं पायरीवरून वाकून होडक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग हात पदराला पुसला आणि सुकटीवरच्या माश्या हाकलू लागली.

‘जरा खालीच बसतंय रे पाण्यात.’

‘रडकं आहे. राळ घेतलीय.’

परतताना ऊन कलतं होतं. खाडी काठोकाठ भरली होती, मध्यावर तर तिला थांगच नव्हता. राळेची पुडी भालचंद्राच्या पायांशी होती. त्याला पोहता येत नव्हतं. खलाशानं पोहायला शिकू नये, तो म्हणायचा, उगाच बुडायला वेळ लागतो. आणि द्वारका त्याच्या तोंडावर हात ठेवायची.

समोरून सारजेची हाक आली. द्वारकेचाच आवाज, जेवायला बोलावतानाचा, शेवटी जरा वर चढणारा.

‘येताय ना? भात निवतोय!’

‘आलोच गं, द्वारके!’ भालचंद्र ओरडला.

त्यानं नाव घेतलं होतं. त्याच्या तळव्यांखाली द्वारकेनं ते ऐकलं आणि ओ द्यायला तोंड उघडलं.

पाणी त्याच्या टाचांना लागलं. कोमट होतं. मग घोट्यांपर्यंत आलं, राळेची पुडी तरंगली. त्यानं वल्ही सोडली, गुडघ्यांवर बसला, तिच्या तोंडावर दोन्ही तळवे दाबून धरले, आणि मान वर करून बोटीकडे बघत जिवाच्या आकांतानं ओरडला, ‘द्वारके, दोर टाक!’