निळ्या दोऱ्याचं लुगडं

भागुबाईचा संशय काही आजकालचा नव्हता. दूधवाला मापात मारतो, कंडक्टर मुद्दाम एक थांबा पुढं उतरवतो आणि टीव्हीवरच्या हवामानवाल्याला पावसाचं सगळं ठाऊक असूनही तो सांगत नाही, अशी तिची पक्की समजूत होती. पण ही सगळी किरकोळ माणसं. संशयाचा मानाचा पाट तिनं राखून ठेवला होता शेळगावच्या थोरल्या जावेसाठी, भिमाआक्कासाठी. पंचवीस वर्षांपूर्वी भिमाआक्कानं सासूचं दीक्षेचं लुगडं दाबलं, हे भागुबाईनं आपल्या अख्ख्या कऱ्हाटी गावाला सांगून झालं होतं, काहींना तर दोनदा.

बघायला गेलं तर लुगडं साध्या मांजरपाटाचं. छप्पन्न साली धम्मदीक्षेला पांढरं नेसून जायचं ठरलं तेव्हा सासूकडं सलग कापड नव्हतं, दोन तुकडे होते. जोडायला पांढरा दोराही घरात सापडेना. वस्तीवर झेंडा शिवायला आणलेलं निळं रीळ होतं, त्याच दोऱ्यानं तिनं घाईघाईत मधोमध शिवण घातली आणि ते नेसून ती गेली. पुढं चांगली लुगडी आली, तरी पेटीत सगळ्यांत वर हेच असायचं. सणावाराला ती ते काढायची आणि दोघी सुनांची बोटं धरून त्या निळ्या शिवणीवरून फिरवायची. म्हातारीचे शेवटचे दिवस शेळगावला थोरलीकडं गेले. ती गेल्यावर भागुबाईनं पेटी उघडली, तर लुगडं नाही. भिमाआक्काला विचारलं, तर ती खाली बघत म्हणाली, "आसंल की. जाईल कुठं?" त्या खाली बघण्यानं भागुबाईच्या मनात जी पाल चुकचुकली, ती आजपर्यंत गप्प बसलेली नव्हती.

आता तो विषय पुन्हा निघाला, कारण साक्षीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं.

साक्षी म्हणजे भागुबाईची नात, सुमितची पोरगी. बारामतीच्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायची आणि उरलेल्या वेळात जुन्या कापडांच्या मागं लागायची. बोहारणी तिला नावानं ओळखत. कुणाच्या बोचक्यात विटका इरकली पदर दिसला, खणाचा तुकडा दिसला, की त्या तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायच्या. मग आजी आणि नात ओसरीवर बसून त्यातून घरच्या सगळ्यांसाठी काहीबाही शिवायच्या. सुमितला चष्म्याची पिशवी, त्याच्या बायकोला, पिंकीला, बटवा, होणारा जावई बुद्धघोष याच्यासाठी लॅपटॉपचं कव्हर. त्या कव्हरला भागुबाईनं आतून चोरखिसा ठेवला होता, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

शिवता शिवता शिकवणं चालायचं. "गोधडी भरताना वरलं कापड चांगलं घालत्यात आन् पोटात चिंध्या कोंबत्यात," भागुबाई सांगायची. "पर लबाडी टिकत न्हाय. पाच-सा वर्सं अंगाखाली घेतली की वरलं विरतं आन् आतलं बाहेर डोकावतं. मग समद्यांना दिसतं, कुणी काय भरलं हुतं."

त्या दिवशी सकाळी लग्नाच्या पांढऱ्या साडीला काठ लावता लावता साक्षी म्हणाली, "आजी, मला शालू नको. पणजीचं ते लुगडं खांद्यावर घेऊन उभं राहायचंय. एकदा भिमाआजीला विचारून तर बघू."

"इच्चारून चोर कदी देतो का?"

"मग मी एकटी जाते."

एकटी गेली तर ती थोरली तिला गोड बोलून गुंडाळणार, हे भागुबाईला दिसतच होतं. तेव्हा तीही निघाली.

बारामतीला एसटी बदलून दोघी शेळगावला पोचल्या. भिमाआक्का अंगणात खुर्ची टाकून बसली होती. ऐंशीच्या घरातली, डोळ्यांना जाड भिंगं, पण पाठ ताठ. दोघींना बघून ती उठली आणि साक्षीचं तोंड दोन्ही हातांत घेऊन खूप वेळ बघत राहिली. मग सुनेला हाक मारून म्हणाली, "सकाळी भिगवणावरनं चिलापी आणलीय, ती तळ."

भागुबाईनं मनाशी नोंद केली. एवढा पाहुणचार फुकटात होत नसतो, कुठंतरी पाणी मुरतंय. मासे मात्र तिनं तीन खाल्ले.

जेवण झाल्यावर साक्षीनं सरळ विचारलं. "भिमाआजी, पणजीचं दीक्षेचं लुगडं तुमच्याकडं आहे का? लग्नात घ्यायचंय मला."

भिमाआक्कानं भिंगांतून आधी साक्षीकडं पाहिलं, मग भागुबाईकडं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"तू लहानपणी कशावर निजायचीस गं?" तिनं साक्षीला विचारलं.

साक्षी गोंधळली. "दुकानातली गादी होती ना, मच्छरदाणीवाली. आजीनंच आणलेली."

"बरं," भिमाआक्का म्हणाली. "लुगडं म्या कवाच दिलंय."

"कुणाला?" भागुबाईनं विचारलं. आवाज तिच्याही नकळत चढला होता.

"ज्याचं हुतं त्याला." एवढं बोलून ती आत निघून गेली. दोघी निघाल्या तेव्हा तिची सून तेवढी दारापर्यंत आली.

परतीच्या वाटेवर भागुबाईला अगदी मोकळं वाटत होतं. "बगितलंस? नजर चुकवून आत पळाली. मन खात असल्याबिगर माणूस आसं करतं का? आन् निजायचीस कशावर म्हनं. लुगड्याचं इच्चारलं तर निजायचं काढती."

"मला ती रडतेय असं वाटलं, आजी," साक्षी म्हणाली.

"लई जनी रडत्यात."

पण 'कवाच दिलंय' हा शब्द भागुबाईच्या डोक्यातून जाईना. कवाच दिलंय, तर कुणाच्या हातात? कऱ्हाटीला पोचेपर्यंत तिच्या संशयानं नवीन घर शोधलं होतं. पिंकी. साक्षीच्या जन्माच्या वेळी भिमाआक्का भेटायला आली होती आणि बाळंतिणीपाशी तासभर बसली होती. सुनेनं परस्पर घेतलं असेल आणि माहेरी पोचवलं असेल. भागुबाईनं चप्पल काढायच्या आधीच पिंकीला विचारलं.

पिंकी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "आत्या, सव्वीस वर्सं या घरात हाय मी. आज माजी पाळी आली व्हय?" ती रडली नाही, भांडलीही नाही. तिनं ती भाकरी मोडली आणि पीठ परत मळायला घेतलं. भागुबाईला स्वतःची लाज वाटली. खरोखर वाटली. पण लाज वाटली म्हणून संशय जातो असं थोडंच आहे?

"त्या दिवशी त्यांनी मला काय बी दिलं न्हाय," पिंकी भाकरीकडं बघत म्हणाली. "एक गोधडी तेवढी आणली हुती, साक्षीखाली घालायला. ती तुमी माळ्यावर टाकलीत."

ती गोधडी भागुबाई विसरली नव्हती. कशी विसरणार? एवढ्याशा लेकराला दुपटं हवं वीतभर, आणि थोरलीनं पाठवलं ते दोन माणसं झोपतील एवढं धूड, वजनाला पोत्यासारखं. चोरीवर पांघरूण घालायला ही गोधडी, हे भागुबाईनं तेव्हाच ताडलं होतं. शिवाय आत काय भरलं असेल कुणी सांगावं? करणी-बिरणी भागुबाई मानत नव्हती. बुद्धविहारात त्यावर दोनदा भाषणही करून आली होती. तरी पण ती गोधडी तिनं लेकराच्या अंगाला लागू दिली नाही. प्लॅस्टिकच्या पोत्यात घालून, वर बाजरीचा रिकामा डबा ठेवून, माळ्यावर सारली.

साक्षी माळ्यावर चढलीसुद्धा. पोतं खाली आलं, गोधडी ओसरीवर पसरली गेली आणि पोरगी हरखली. वरचं कापड हिरव्या चौकड्याचं जुनं लुगडं होतं, आजकाल बघायला न मिळणारं. पंचवीस वर्षांत त्याला ऊन लागलं नव्हतं की पाणी. "नवीच आहे ही," ती म्हणाली. "आणि टाके बघ आजी. तांदळाएवढे."

भागुबाईनं टाके बघितले. थोरलीचा हात चांगला होता, ते तिला कधीच नाकारता आलं नव्हतं आणि त्याचाच जास्त राग होता. तिनं गोधडी उचलून बघितली. चार चिंध्यांना एवढं वजन येत नाही. नक्कीच बारदान भरलेलं असणार.

"थांब, दाखवतेच तुला तुजी भिमाआजी," ती म्हणाली. "कात्री आण."

"आत्या, उसवा ना," पिंकी आतून म्हणाली. "ब्लेड देते मी."

"उसवायला ती काय सोन्याच्या तारेनं शिवलीय?"

साक्षी नको नको म्हणेपर्यंत भागुबाईनं कडेपासून कात्री लावली होती. शिंप्याची मोठी कात्री, धार लावून आणलेली. ती हिरव्या चौकड्यातून गेली, मग खालच्या जाड थरातून करकरत गेली, एका हाताएवढी. भागुबाईनं दोन्ही कडा धरून चीर फाकवली.

आत बारदान नव्हतं. आत पांढरं होतं. घडीवर घडी घालून, कुठं सुरकुती न पडू देता पसरलेलं, थोडं पिवळट झालेलं मांजरपाट. आणि त्या पांढऱ्यावर आडवी गेलेली एक निळी शिवण. कात्री बरोबर तिच्यावरून गेली होती. निळा दोरा दोन्ही बाजूंना तुटून लोंबत होता, आणि घड्या असल्यामुळं चीर एकाच जागी नव्हती. लुगडं चार ठिकाणी कापलं गेलं होतं.

पिंकी दारात येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ तसंच.

भागुबाईचं बोट आपोआप त्या शिवणीवर गेलं आणि तुटल्या जागी येऊन थांबलं. मग एकेक गोष्ट तिला कळत गेली, नको नको म्हणताना कळत गेली. म्हातारी गेली तेव्हा पिंकीला सातवा महिना होता. पोटातल्या लेकरासाठी शिवलेलं काही जन्माआधी कुणाला दाखवायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही, ही या घराची चाल. ती भागुबाईनंच पिंकीला सांगितली होती. म्हणून थोरली खाली बघत म्हणाली, आसंल की. म्हातारीनंच सांगितलं असणार, पतवंडाच्या अंगाखाली घाल म्हणून. आणि थोरलीनं अख्खं लुगडं न कापता आत घातलं, म्हणून ते धूड झालं.

नंतर तरी सांगायचं होतं की. पण सांगायची गरज कुठं होती? पोरगी त्यावर निजली असती, मुतली असती, गोधडी दहा वेळा धुतली गेली असती. पाच-सहा वर्षांत हिरवं विरलं असतं आणि पांढरं आपसूक वर आलं असतं. पंचवीस वर्षं शेळगावात बसून थोरली समजत होती की ते वर आलंय, भागूनं बघितलंय, आणि तरीही भागू येत नाही. आज साक्षीनं लुगडं कुठंय म्हणून विचारलं आणि तिला कळलं की ती गोधडी कधी अंथरलीच गेली नाही.

"फोन लाव," भागुबाई म्हणाली.

साक्षीनं शेळगावचा फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडं आधी सून बोलली, मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आक्का, भागू बोलतीय." पुढं काय बोलायचं ते तिनं ठरवलंच नव्हतं. "लुगडं घावलं."

"उसवलीस का कापलीस?" भिमाआक्कानं विचारलं.

उसवली, असं म्हणायला भागुबाईनं तोंड उघडलं होतं. पुढ्यात साक्षी होती, दारात पिंकी होती, गोधडीवर कात्री पडली होती. कुणी सांगणार नव्हतं, एवढा विश्वास आज पहिल्यांदाच तिला वाटला, आणि त्यामुळंच खोटं बोलवेना.

"कापली," ती म्हणाली. "चार जागी. शिवणीवरनं." आणि मग तिला रडू आवरेना. सत्तरीची बाई फोन कानाला धरून हमसून हमसून रडली.

भिमाआक्कानं तिला रडू दिलं. गप्प राहा म्हणाली नाही, असू दे म्हणाली नाही, माफ केलं वगैरे तर नाहीच नाही. रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "लग्नाला किती दिस हायत?"

"पंदरा."

"निळा दोरा हाय घरात?"

"हाय."

"मग सुमितला सकाळी गाडी घिऊन धाड. आन् मी येस्तवर त्याला हात लावू नगंस. तुजा टाका मोठा पडतो."

फोन बंद झाला. या बोलण्यात थोरलीचा काय डाव असेल, ते शोधत भागुबाई बसली नाही. तिनं कात्री उचलली, पिंकीच्या हातात दिली, आणि रिळांच्या डब्यात निळं रीळ शोधायला लागली.